घोरपडीशी विनापरवाना संपर्क

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
विद्यार्थी वन्यजीव संवर्धन शिबिर कक्ष,
अंबरनाथ (पूर्व).

मार्फत : मा. मुख्याध्यापक, उल्हासतीर माध्यमिक विद्यालय, बेलवली, बदलापूर (पश्चिम).

विषय : वन्यप्राणी दिसल्याबद्दल आमच्या विद्यार्थ्यांना बजावलेली नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले पूर्वतयारी परिपत्रक, दि. २ डिसेंबर २०२४
२) आपले शिबिर स्थगितीचे पत्र, दि. २७ जानेवारी २०२५
३) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १० फेब्रुवारी २०२५

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, मी खाली सही करणार श्रीमती किर्ती भूपेश गायकर, सदर विद्यालयात गेली सतरा वर्षे विज्ञान शिकवते. संदर्भ ३ अन्वये आपण सात दिवसांत खुलासा मागितला आहे. आज सातवा दिवस. पहिले सहा दिवस नोटीस समजून घेण्यात गेले, त्याबद्दल दिलगीर आहे.

१. आपल्या कक्षातर्फे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असे तीन दिवसांचे जंगलातील वन्यजीव शिबिर जाहीर झाले आणि आमच्या इयत्ता नववीतील सव्वीस विद्यार्थ्यांची निवड झाली. सोबत एकेचाळीस सूचनांचे परिपत्रक आले. शासकीय कागद मी नेहमीच मन लावून वाचते. हा मी मुलांनाही पाठ करायला लावला, आणि सर्व प्रकरण तिथूनच बिघडले असे आता वाटते.

२. सूचना क्र. ४ प्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्यास वन्यप्राण्यांची ॲलर्जी नसल्याचा वैद्यकीय दाखला हवा होता. बेलवलीतील डॉक्टरांनी विचारले, कोणत्या प्राण्याची? मी म्हटले, सरसकट. त्यांनी सव्वीस दाखल्यांवर एकच वाक्य लिहून दिले : "तपासणीच्या वेळी वन्यप्राणी उपलब्ध नसल्याने निष्कर्ष राखून ठेवला आहे." आपल्या कक्षाने हे दाखले विनाशंका स्वीकारले, याची येथे कृतज्ञतापूर्वक नोंद करते.

सूचना क्र. ९ प्रमाणे पालकांचे हमीपत्र हवे होते. त्यात "वन्यप्राणी पाल्याच्या जवळ येणार नाही याची दक्षता पालक घेतील" अशी अट होती. कु. तेजस्वी भोपी हिचे वडील श्री. कमळाकर भोपी अंबरनाथ एमआयडीसीत कामाला आहेत. सही करण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, "बाई, वाघाला मी कधी सांगू? माझी दुसरी पाळी असते." मी म्हटले, सही करा, वाघाचे काय ते कार्यालय पाहून घेईल.

सूचना क्र. ११ टोपीविषयी होती. टोपीचा रंग असा असावा की विद्यार्थी वन्यप्राण्यांना दिसू नयेत, परंतु शिक्षकांना दिसावेत. असे कापड बदलापुरात मिळेना म्हणून मी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तेथील शेठनी परिपत्रक दोनदा वाचले आणि म्हणाले, "मॅडम, ऐसा कपडा निकला तो पहली टोपी मैं पहनूँगा, घर में." शेवटी त्यांनी खाकी टोप्या शिवून दिल्या. त्यांत मुले मला दिसत होती. वन्यप्राण्यांचे मत घेण्याचा योग पुढे आला.

३. वाळक्या पानांवरून आवाज न करता चालण्याचा सराव सूचना क्र. १४ मध्ये सांगितला होता. आमच्या मैदानाला गेल्या वर्षी पेव्हर ब्लॉक बसले आहेत. त्यावर पान पडत नाही, पडले तरी टिकत नाही. आमच्या शाळेच्या सेविका इंदुबाई यांनी शेजारच्या सोसायटीतून बदामाची पाने पोत्यात भरून आणली. रोज सकाळी त्या पाने पसरत, मुले त्यावरून चालत आणि मग इंदुबाई ती झाडून पुन्हा पोत्यात भरत. पाने पसरण्याची लेखी सूचना नोकरीत पहिल्यांदाच मिळाली, असे त्या म्हणाल्या. महिनाभराने त्या पानांचा इतका भुगा झाला की त्यावर हत्ती चालला असता तरी आवाज आला नसता.

मौन पाळण्याचा सराव सर्वात यशस्वी ठरला. सव्वीस मुले चाळीस मिनिटे गप्प बसली. मुख्याध्यापक श्री. राजेंद्र सावंत बाहेरून गेले, त्यांना वाटले मी वर्ग सोडून दिला. त्यांनी तशी नोंदही केली. ती नोंद रद्द होण्यास आठ दिवस लागले.

परंतु सर्वात महत्त्वाची सूचना क्र. १७. ती शब्दशः देते, कारण पुढे तिचा संबंध येतो : "वन्यप्राणी आढळल्यास वीस फुटांवर थांबावे, खाली बसावे, आवाज करू नये, इतरांस पुढे जाऊ देऊ नये, व वन विभागास तात्काळ कळवावे." हिचा सराव आम्ही अकरा वेळा केला. वन्यप्राणी म्हणून दर वेळी इंदुबाई बसत.

४. दि. २७ जानेवारी रोजी आपले पत्र आले. "शिबिरस्थळाच्या परिसरात वन्यप्राण्यांचा वावर असल्याचे निदर्शनास आल्याने, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेस्तव वन्यजीव शिबिर स्थगित करण्यात येत आहे."

हे पत्र मी वर्गात वाचून दाखवले. कोणी काही बोलले नाही. गप्प बसण्याची तयारी आम्हीच करून घेतली होती. थोड्या वेळाने सुयोग नावाच्या विद्यार्थ्याने हात वर केला. "बाई, तिथे प्राणीच नसते तर आपल्याला नेलं असतं का?" मी विज्ञानाची शिक्षिका असल्याने होय म्हणाले. मुलांनी टोप्या दप्तरात ठेवल्या. तेजस्वीने मात्र डोक्यावरची काढली नाही. का, ते मी विचारले नाही.

५. आता घटना. गुरुवार, दि. ३० जानेवारी. मधली सुट्टी संपून पहिला तास सुरू होता. शाळेमागे नव्या इमारतीच्या गटाराचे खोदकाम चालू होते. तेजस्वी पाणी प्यायला गेली होती, ती माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, पाण्याच्या टाकीखाली घोरपड आहे. चार फुटी. शेपटीला लागलंय, रक्त येतंय. मी वन विभागाला फोन लावायला सावंत सरांना सांगून आले."

खोदकामाच्या यंत्राने जुन्या दगडी बांधातले तिचे बीळ उकरले असावे. कंपाउंडच्या भिंतीखालच्या मोरीतून ती आत शिरली असावी.

मी बाहेर गेले तोवर तेजस्वीने खडूने जमिनीवर रेघ मारली होती आणि वीस फूट मोजूनही झाले होते. आमच्या पेव्हर ब्लॉकचा त्या दिवशी प्रथमच उपयोग झाला, मोजायला सोपे जाते. मी सव्वीसजणांना रेघेवर बसवले. सर्वांनी दप्तरातून टोप्या काढून घातल्या. ते मी सांगितले नव्हते.

अर्ध्या तासात फाटकाबाहेर गर्दी झाली. मागच्या इमारतीतून लोक मोबाइल घेऊन खाली उतरले. नदीतून मगर आल्याची बातमी बाजारपेठेपर्यंत पोहोचली. इंदुबाईंनी फाटकाला कुलूप लावले. तरीही तेजस्वीचे आजोबा आले, कारण त्यांना फाटकावर कोणी अडवत नाही.

त्यांना बेलवलीत सर्वजण आण्णा भोपी म्हणतात. शाळेचे मैदान त्यांनी दिलेल्या जागेवर आहे. मागच्या इमारती उभ्या आहेत तीही एके काळी त्यांचीच भातशेती. वय पंचाहत्तरच्या पुढे. दोन्ही गुडघे गेलेले. त्यांच्या हातात गोणपाट होते, आणि मागच्या भिंतीपलीकडे त्यांच्या ओळखीचे दोन इसम काठी घेऊन उभे होते. घोरपडीचे तेल गुडघ्याला लावतात, ही समजूत आपल्या कक्षास माहीत नसल्यास कळवते.

आण्णा सरळ रेघेपर्यंत आले. म्हणाले, "बाई, ही माझ्या बांधावरची हाय. तुमची शाळा नव्हती तवापासूनची. नेतो."

मी पाच पावलांवर होते. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. सूचना क्र. १७ मध्ये आवाज करू नये असे आहे, हे कारण मला सांगता आले असते. पण खरे तसे नाही. ज्यांच्या जमिनीवर मी सतरा वर्षे पगार घेते त्यांना नाही म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. हे मी स्वतःहून लिहून देत आहे. नोटिशीत हा आरोप नाही. असायला हवा होता.

तेजस्वी उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "आण्णा, हितून पुढं नाय."

"कोनाला सांगतेस?"

"तुमाला."

"माझं गुडघं तुला दिसत नाय? रोज चोळून कोन देतं?"

"मीच देते. आजपन देईन. पन या तेलानं नाय." तिने दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले. "तुमी आत आलात तर आण्णा, साहेब लोक आल्यावर पहिलं नाव मी तुमचं सांगन."

त्या अंगणात सव्वीस मुले, दोन शिक्षक, फाटकाबाहेर शंभरएक माणसे होती. आण्णा रेघेवरच थांबले. मग त्यांनी गोणपाट रेघेच्या बाहेर अंथरले आणि भिंतीला धरून, एक एक पाय लांब करत, त्यावर बसले. थोड्या वेळाने भिंतीवरून एक डोके वर आले. आण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे रे. माझी पोर बसलीय." डोके खाली गेले.

६. वन विभागाची माणसे येईपर्यंत तीन तास दहा मिनिटे गेली. ती दूरच्या दुसऱ्या कामावर होती, त्यांचा दोष नाही. या वेळात आण्णा मुलांशी बोलले, आणि मुलांप्रमाणेच कुजबुजून बोलले. घोरपड काय खाते, थंडीत दुपारच्या उन्हाला का बाहेर येते, बिळाचे तोंड कोणत्या बाजूला ठेवते, घाबरली की अंग कसे फुगवते. तरुणपणी आपण चाळीसएक पकडल्या, हेही त्यांनी लपवले नाही. म्हणाले, गेल्या सात-आठ वर्षांत दिसलेली ही पहिलीच.

सुयोगने विचारले, "मग बाकीच्या कुठे गेल्या?"

आण्णा म्हणाले, "आमी खाल्ल्या. ज्या उरल्या त्यांच्यावर बिल्डिंगी झाल्या."

मी सतरा वर्षे जैवविविधतेचा ऱ्हास हे प्रकरण शिकवते. त्यात पाच कारणे व प्रत्येकी दोन उदाहरणे आहेत. ती मुलांच्या लक्षात राहत नाहीत. आण्णांचे वाक्य राहिले आहे. वार्षिक परीक्षेत लिहिल्यास गुण द्यावेत काय, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

सव्वापाचच्या सुमारास दोन वनरक्षक आले. त्यांनी घोरपड सुरक्षित पिशवीत घेतली, जखम पाहिली, पंचनामा केला. त्यातील वनरक्षक सोनियाताईंनी विचारले, "यांना एवढं कोणी शिकवलं?" मी आपले परिपत्रक दाखवले. त्यांनी ते उभ्याने पूर्ण वाचले आणि टोपीच्या परिच्छेदापाशी थोडा वेळ थांबल्या. आठ दिवसांनी त्यांचा शाळेत फोन आला. जखम भरली, डोंगराच्या बाजूला सोडली, मागे न बघता चढून गेली.

७. यानंतर आपली नोटीस आली. तिच्यातील आरोप व माझा खुलासा असा.

शिबिर स्थगित असताना शिबिराच्या पूर्वतयारीचा प्रत्यक्ष वापर केला, हा पहिला आरोप. मान्य आहे. घोरपडीस स्थगितीचे पत्र वेळेत पोहोचले नव्हते.

शिबिराच्या टोप्या शिबिराबाहेर परिधान केल्या, हेही मान्य. मात्र त्यांत मुले घोरपडीला दिसली किंवा कसे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कक्षाची आहे.

श्री. आण्णा भोपी यांचे नाव कक्षाच्या तज्ज्ञ व्याख्यात्यांच्या यादीत नसताना त्यांना तीन तास बोलू दिले, हा तिसरा. यादीतील तज्ज्ञ २ जानेवारीस आले होते. त्यांनी आफ्रिकेतील सिंहांची चित्रफीत दाखवली, वीज गेली, आणि ते चहा घेऊन गेले. तुलना मी करत नाही.

सदर प्राणी शाळेच्या मालकीचा नसल्याचा दाखला सादर करावा, असेही आपण म्हटले आहे. तो देण्यास सक्षम प्राधिकारी कोण, हे कृपया कळवावे. आण्णांच्या म्हणण्यानुसार घोरपड शाळेच्या आधीपासूनची असल्याने दाखला तिच्याकडून आमच्याबाबत घ्यावा लागेल.

इथपर्यंत मी सहज सहन केले असते. परंतु आपण आमची शाळा पुढील तीन वर्षे शिबिरातून वगळली आहे, "विद्यार्थ्यांचा वन्यप्राण्यांशी पूर्वसंपर्क आल्याने ते अननुभवी या निकषात बसत नाहीत" असे कारण देऊन. आणि कु. तेजस्वी कमळाकर भोपी, वय चौदा, हिने "ज्येष्ठ नागरिकास सार्वजनिक ठिकाणी अटकाव केल्याबद्दल" लेखी माफीपत्र द्यावे, अन्यथा तिच्या नोंदपत्रकावर बेशिस्तीचा शेरा मारण्यात येईल, असे कळवले आहे.

ज्येष्ठ नागरिकाने तक्रार केलेली नाही. कक्षातर्फे त्यांच्याकडे कोणी चौकशीही केलेली नाही. मी केली. शनिवारी त्यांच्या घरी गेले. तेजस्वीची आजी गोदूबाई यांनी सांगितले की त्या दिवसानंतर आण्णा चार दिवस नातीशी बोलले नाहीत. ती रोज नेहमीप्रमाणे खोबरेल घेऊन त्यांच्या पायाशी बसायची, ते पाय पुढे करायचे, पण बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी विचारले, "तिची शेपटी बरी झाली का?" तिने माहीत नाही म्हणून सांगितले. त्यांनी मुलाला शाळेत चौकशीला पाठवले. श्री. कमळाकर यांनी त्यासाठी पाळी बदलून घेतली.

गोदूबाई मला म्हणाल्या, "पोरीनं आज्याला अडवला, त्याचं वाईट वाटलं आमाला. पन कागदावर बेशिस्त लिवलात तर त्याहून वाईट वाटंल."

८. सबब विनंती की, तेजस्वीविरुद्धची कार्यवाही तात्काळ रद्द करावी. शेरा मारायचाच असल्यास तो माझ्या सेवापुस्तकात मारावा. "प्रसंगी गप्प राहिल्या" एवढा पुरे, तो खरा असेल. शाळेला तीन वर्षे वगळण्याचा निर्णय मागे घ्यावा, किंवा तो लेखी कायम ठेवावा, म्हणजे मला तो वरिष्ठांकडे नेता येईल. तशी तयारी ठेवली आहे.

मुलांना जंगल दाखवायला आम्ही आपल्या शिबिराची वाट पाहत बसलेलो नाही, हेही नम्रपणे कळवते. काल रविवारी सर्व सव्वीसजण पालकांसह आण्णांच्या उरलेल्या अर्ध्या एकरात गेले होते. दाखले घेतले नाहीत. तीन तासांत एक मुंगूस, पाच जातींचे पक्षी आणि सापाची एक कात दिसली. हे आपल्या निकषाप्रमाणे पूर्वसंपर्कात मोडत असल्यास यादी अद्ययावत करावी.

९. माफीपत्राची मागणी आपण केली असल्याने ते देणे मला टाळता आले नाही. मी तेजस्वीला सांगितले, तुला वाटत असेल तरच लिही. तिने लिहिले. मी त्यातील एकही शब्द बदललेला नाही :

"आण्णा, सगळ्यांसमोर तुमचं नाव सांगेन असं बोलले त्याची मी माफी मागते. घरी सांगायला पाहिजे होतं, पण घोरपड घरी नव्हती. अडवलं त्याची मागत नाही. तुम्हीच बसलात म्हणून ती वाचली, मी एकटी असते तर ते दोघे आत आले असते. कार्यालयाची माफी कशाबद्दल मागायची ते बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या त्यांनाही सापडलं नाही. सापडलं की मागेन. तुमची तेजस्वी."

हे पत्र ज्यांच्या नावे आहे त्यांच्याकडे ते त्याच संध्याकाळी पोचवले. त्याखाली त्यांनी स्वहस्ते, वळणदार नसलेल्या परंतु स्पष्ट अक्षरात पोच दिली आहे : "माफी मिळाली. आण्णा भोपी." या संपूर्ण प्रकरणात कोणत्याही कागदावर आजवर झालेली ही एकमेव तत्पर कार्यवाही आहे. आपल्या माहितीसाठी व अनुकरणासाठी सादर.

आपल्या उत्तरासाठी शाळेच्याच पत्त्यावर हजर,

(सही)
किर्ती भूपेश गायकर
सहायक शिक्षिका (विज्ञान)
उल्हासतीर माध्यमिक विद्यालय, बेलवली, बदलापूर (पश्चिम)
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) वन विभागाच्या पंचनाम्याची प्रत.
२) निष्कर्ष राखून ठेवलेल्या वैद्यकीय दाखल्यांच्या प्रती, सव्वीस.
३) कु. तेजस्वी भोपी हिचे माफीपत्र, पोचेसह. (मूळ प्रत आण्णांनी परत दिली नाही. ही छायाप्रत आहे.)